मोपाच्या पठारावर

बडोद्यास दिलेली आमची भाची मुंबईमार्गे विमानाने यावयाची होती. तिला आणावयास आम्ही डिचोलीहून पहाटेच निघालो. अस्नोडा, थिवी मागे पडली, कोलवाळचा पूल ओलांडून पेडणे महालात शिरलो आणि धारगळवरून मोपाचे पठार चढू लागलो. येथे पूर्वी जांभा दगड, काजूची झाडे आणि धनगरांची घरे होती. त्या कुटुंबांना अन्यत्र जावे लागले. आता साडेतीन हजार मीटरांची धावपट्टी आहे. ५ जानेवारी २०२३ पासून तीवर विमाने उतरतात.

विमानास उशीर होता. बसल्या बसल्या आम्हांस गोव्याच्या स्वतःच्या विमान कंपनीचे स्मरण झाले. 'ट्रान्सपोर्तेस आयेरियोस दा इंडिया पोर्तुगेझा' हे लांबलचक नाव वर्गात उच्चारले की मुले हसतात. भारताने नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, तेव्हा १९५५ साली पोर्तुगीज सरकारने ती काढली. दाभोळीहून दमण, दीव, कराची, आणि पुढे मोठी विमाने आल्यावर लिस्बनपर्यंत तिची मजल गेली. आरंभीची 'हेरॉन' विमाने इतकी लहान, की आमच्या डिचोली-पणजी बसमध्ये त्याहून अधिक माणसे मावतात!

आमच्या आजीचे माहेर बांदा. पेडण्यापासून उणेपुरे चार-पाच कोस. पेडणे व डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचे, त्यामुळे सोयरीक सारी पलीकडची. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीस सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सीमा बंद झाली. पुढच्या पावसाळ्यात आजीची आई वारली. निरोप आला तो तेरावा उलटल्यावर. दाभोळीहून लिस्बन गाठता येत होते, पेडण्याहून बांदा नाही. आजी हे सांगताना कधी रडली नाही. मात्र विमानाचा आवाज आला तरी ती वर पाहत नसे.

१८ डिसेंबर १९६१ रोजी दाभोळीवर भारतीय विमानदलाचे बाँब पडले. त्या रात्री कंपनीचे डी.सी.-४ व पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचे एक, अशी दोन विमाने अधिकाऱ्यांच्या कुटुंबियांना घेऊन, धावपट्टीच्या शाबूत उरलेल्या सुमारे सातशे मीटरांवरून उडाली आणि कराचीस पोचली. वैमानिकांचे कसब मानलेच पाहिजे, पक्ष कोणताही असो. गोव्यातील त्या कंपनीचा कारभार तेथेच आटोपला.

भाची उतरली. घरी जाण्याआधी बांदा पाहू, असे तीच म्हणाली. पत्रादेवीवरून थोड्याच वेळात पोचलो. आजीचे घर आता दुसऱ्यांचे आहे. अंगणातील विहीर तीच. तेथल्या बाईंनी आम्हांस तांब्याभर पाणी आणून दिले.