विकलेली गेम सांभाळताना

कन्सोलसाठी गेम करायची असं दादाने ठरवलं तेव्हा मी त्याला एवढंच विचारलं, की विकणार कोण? तो म्हणाला, "तू." दादा माझा मावसभाऊ, साताऱ्याला शाहूपुरीत राहतो. प्रोग्रॅमिंग सगळं त्याचं. मी सांगलीला, खणभागात. कॉमर्स करून काही वर्षं मी एका कर सल्लागारांकडे काम केलं होतं. त्यामुळे करार, अर्ज, बँक, कर, दुकानातलं वर्णन आणि खेळणाऱ्यांच्या मेलना उत्तरं, म्हणजे कोड आणि चित्रं सोडून उरेल ते सगळं, माझ्याकडे आलं. चित्रं मिरजेच्या एका मैत्रिणीची. एवढीच आमची मंडळी.

गेमचा विषय आमच्या गावचाच. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर'चा प्रयोग केला, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. गेममध्ये तुम्ही सूत्रधार असता. विदूषकाला आवरायचं, गणपती-सरस्वतीला वेळेवर रंगमंचावर आणायचं, आणि 'अललल डुर्र' करत राक्षस घुसले की मशाली विझू द्यायच्या नाहीत. तंबोऱ्याचा सूर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन रेकॉर्ड केला. शेवटचा भाग प्रवासाचा आहे. १८५१ मध्ये सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन गेले, राजाश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. नाटक चांगलं असणं आणि नाटक कंपनी चालणं यात केवढं अंतर आहे, ते या माणसाने सगळ्यांत आधी अंगावर घेतलं. हा भाग गेममध्ये असावा असा हट्ट माझा होता.

हिंमत मात्र पुण्याकडून आली. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओची 'राजी' ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आली, मग त्याच वर्षी प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवर. त्याआधी २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी झाली नव्हती. तरी ते थांबले नाहीत, आणि पुढे द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या नामांकनात 'राजी'चं नाव लागलं. त्या नामांकनापेक्षा माझ्या मनात दुसरीच गोष्ट राहिली. ज्या यंत्रावर ही गेम पहिल्यांदा आली ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं. पुण्यात तयार झालेली गेम पुण्याच्या माणसाने घ्यायची तर आधी बाहेरून आणलेलं यंत्र हवं आणि परदेशातल्या दुकानाचं खातं हवं. आपल्या घरच्या गेमला आपल्या गावात गिऱ्हाईक नाही, हे भारतातल्या कन्सोलवाल्यांचं जुनं दुखणं आहे.

पीसीवर गेम विकणं तुलनेने सोपं. फी भरा, पानं तयार करा, विका. चूक निघाली तर दुरुस्ती संध्याकाळपर्यंत खेळणाऱ्याच्या हातात. कन्सोलचं तसं नाही. आधी कंपनीने तुम्हाला डेव्हलपर म्हणून स्वीकारायला हवं, मग गुप्ततेचा करार, मग डेव्हकिट, म्हणजे गेम तपासायचं कंपनीचं खास यंत्र. डेव्हकिट नोंदवलेल्या पत्त्यावरच ठेवायचं असतं, आणि पत्ता दादाचा. त्यामुळे काहीही तपासायचं म्हटलं की मी एसटीने पेठनाका, कराड करत साताऱ्याला. पोवई नाक्याला उतरले की दादा गाडी घेऊन उभा असायचा, आणि घरी पोहोचेपर्यंत आमची यादीवरून वादावादी सुरू झालेली असायची.

यादी म्हणजे सर्टिफिकेशनची, गेम दुकानात घेण्याआधी कंपनी करते त्या तपासणीची. गेम चांगली आहे की वाईट, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. कंट्रोलरची बॅटरी मधेच संपली तर गेम थांबते का? यंत्र झोपवून दुसऱ्या दिवशी उठवलं तर खेळ जिथल्या तिथे सापडतो का? सेव्ह करताना जागा संपली तर काय? बटणांची नावं कंपनीच्या पद्धतीनेच लिहिली आहेत का? आमची गेम पहिल्यांदा परत आली ती पडद्यामुळे. अंक सुरू होताना पडदा वर जातो, तेवढ्या क्षणी कंट्रोलर तुटला तर गेम थांबत नव्हती. पडदा जायचा, राक्षस यायचे आणि मशाल विझायची. वैताग आला, पण यादी मला अजिबात चुकीची वाटली नाही. कुठल्या तरी घरात एखादं पोर त्याच क्षणी रडवेलं झालं असतं. माझी तक्रार वेगळी होती. मोठ्या स्टुडिओत या यादीसाठी वेगळे लोक असतात. इथे तीच दोन माणसं यादी बघणार, तीच गेम करणार, आणि पुन्हा पाठवलं की पुन्हा रांग.

वयाच्या शिक्क्याचं काम त्यामानाने हलकं झालं. आयएआरसीची प्रश्नावली एकदा भरली की युरोपचं पेगी, अमेरिकेचं ईएसआरबी, जर्मनीचं यूएसके अशी सगळ्यांची मानांकनं एकदम मिळतात. जपानचं सेरो त्यात नाही, म्हणून जपान आम्ही सोडला.

पैशांबद्दल लोक आडून आडून विचारतात, म्हणून सरळ सांगते. दहा डॉलरची गेम दहा डॉलरला फार थोडे लोक घेतात. कन्सोलच्या दुकानात रोज नव्या गेम येतात आणि पहिल्या काही दिवसांत वर दिसली नाही तर गेम सवलतीच्या वेळीच पुन्हा दिसते. म्हणून सवलत द्यायची, आणि ती दरवेळी थोडी वाढवायची. ऐंशी टक्के सवलतीत ती दोन डॉलरची होते. त्यातले तीस टक्के दुकानाचे, उरले एक डॉलर चाळीस सेंट. विक्री अमेरिकेतली असेल तर रॉयल्टीवर तिथला कर कापला जातो. कराराचा फॉर्म वेळेवर भरला तर १५ टक्के, नाहीतर ३०. म्हणजे हातात एक डॉलर एकोणीस सेंट, त्यातून बँकेचे पैसे. पहिली रक्कम आली तेव्हा आमच्या शाखेतल्या साहेबांनी मला समोर बसवून विचारलं, की हे पैसे नेमके कशाचे? सॉफ्टवेअरची निर्यात म्हणावी की रॉयल्टी, पर्पज कोड कोणता, जीएसटीचं एलयूटी आहे का. करसल्लागाराकडच्या माझ्या वर्षांचा इथे उपयोग झाला. ज्या पोराला फक्त प्रोग्रॅमिंग येतं त्याने हे कसं निभवावं, हे मला खरंच कळत नाही.

आणि हे सगळं विकण्यापुरतं. खरं काम गेम विकली गेल्यावर सुरू होतं.

पहिल्या हिवाळ्यात जर्मनीहून एका बाबांचा मेल आला. त्यांची मुलगी शेवटच्या अंकापर्यंत पोहोचली होती आणि सकाळी सेव्ह उडालेली. राग नव्हता मेलमध्ये, फक्त विचारलं होतं की ती परत मिळेल का. मिळणार नव्हती. पैसे परत करणं आमच्या हातात नव्हतं, ते दुकान ठरवतं. तिची फाइल आम्हाला दिसत नाही, तिला नवी फाइल आम्हाला पाठवता येत नाही. पीसीवर एखाद्याची बिघडलेली फाइल मागवून, दुरुस्त करून परत पाठवता येते. कन्सोलवर खेळणारा आणि गेम करणारा यांच्यामध्ये भिंत असते. मी जी माहिती मागता येईल ती मागितली, दादाने दिवसेंदिवस यंत्र झोपवून-उठवून पाहिलं, काही सापडलं नाही. तोवर दुकानात तसेच आणखी दोन-चार जणांनी एकेक तारा देऊन ठेवला होता, आणि त्या दुकानात डेव्हलपरला उत्तर देण्याची सोयच नव्हती.

बिघाड सापडला तो साताऱ्यातली लाईट गेल्यामुळे. अंक संपून कोपऱ्यात मशालीचं छोटं चित्र फिरत होतं, म्हणजे गेम सेव्ह होत होती, आणि अख्ख्या गल्लीत अंधार झाला. लाईट आल्यावर गेम उघडली तर पहिल्यापासून. गेम जुन्या फाइलवरच नवं लिहीत होती. लिहिणं अर्ध्यात तुटलं की जुनंही गेलं आणि नवंही. त्या मुलीच्या घरीही बहुधा कुणीतरी भिंतीवरचं बटण बंद केलं असणार. उपाय साधा होता. आधी वेगळ्या फाइलमध्ये सगळं लिहायचं, ते नीट उतरलं हे तपासायचं, मगच तिला जुनीच्या जागी ठेवायचं, आणि आदली एक प्रत जपून ठेवायची. दादाने ते एका बैठकीत केलं. पण खेळणाऱ्यांपर्यंत ते जायचं तर पुन्हा सबमिशन, पुन्हा तपासणी, पुन्हा वाट. दुरुस्ती तयार आहे, रोज कुणाची तरी सेव्ह उडते आहे, आणि आपण फक्त "लवकरच येत आहे" असं लिहीत बसलोय. ते दिवस मला फार जड गेले. त्या बाबांना मी गेम लिहिणाऱ्याच्या वतीने काय झालं ते सविस्तर कळवलं, वीज जाण्याचा किस्साही लिहिला. त्यांनी उत्तर दिलं, की मुलीने पुन्हा पहिल्या अंकापासून सुरुवात केली आहे आणि या वेळी तिला विदूषक जास्त आवडतोय.

मराठीचा प्रश्न वेगळाच. गेममध्ये मराठी भाषा असावी यावर आमचं तिघांचं एकमत होतं. पण इंजिनमधली मजकूर दाखवणारी सोय देवनागरीसाठी केलेलीच नव्हती. 'शिव' लिहिलं की ऱ्हस्व वेलांटी 'श'च्या पुढे जाऊन बसायची, 'सूत्रधार'मधला 'त्र' फुटून 'त', हलन्त आणि 'र' वेगवेगळे दिसायचे. दादाने अक्षरं जुळवणारं हार्फबझ हे मुक्त सॉफ्टवेअर मोठ्या खटपटीने आत बसवलं. दुकानात गेमची माहिती भरताना भाषांच्या यादीत मराठी नव्हतीच, म्हणून वर्णनाच्या शेवटी एक इंग्रजी ओळ लिहून सांगावं लागलं, की ही गेम मराठीतही आहे. तरी लोकांनी ती शोधली. न्यू जर्सीच्या एका आईने लिहिलं, की मुलाला देवनागरी वाचायचा कंटाळा, पण राक्षस काय बोलतो ते कळावं म्हणून तो आजीला शेजारी बसवून वाचून घेतो.

गेल्या वर्षी त्याच आईचा पुन्हा मेल आला, फोटोसकट. यंत्राचं अपडेट आल्यापासून काही पडद्यांवर जोडाक्षरं गायब. विक्री तोवर जवळजवळ थांबली होती. दुरुस्ती चार ओळींची, पण जुन्या साधनांनी बांधलेली गेम कंपनी आता स्वीकारत नाही. म्हणजे इंजिन नवं घ्या, त्याबरोबर हार्फबझची जोडणी नव्याने करा, सगळी यादी पुन्हा तपासा. दादा म्हणाला, "अगं, या कामाचे पैसे कुणीच देणार नाही. नवी गेम करू." त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. मला ते पटलं नाही. ज्यांनी पैसे मोजले त्यांना आपण गेम दिली आहे, तिचा फोटो दिलेला नाही. ती चालली पाहिजे. आणि मराठी अक्षरं नीट दिसणारी कन्सोलवरची गेम इतकी दुर्मिळ असताना तीच तुटकी ठेवायची, हे माझ्याच्याने होणार नाही. दोन-तीन दिवस आम्ही नीट बोलत नव्हतो. मग त्याने स्वतःहून इंजिन उतरवून घेतलं.

२०२५ मध्ये राज्य सरकारने ॲनिमेशन आणि गेमिंगसाठीचं एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं. असं काही आलं की बातम्यांत गुंतवणूक आणि रोजगार येतो. माझ्यासारखीला हवंय ते फार लहान आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात कुठल्या तरी इंजिनिअरिंग कॉलेजात चाचणीची एक खोली असावी. तिथे प्रशिक्षित पोरं सर्टिफिकेशनची यादी आमच्या आधी तपासून देतील. देवनागरी नीट दाखवणारी एक जोडणी सगळ्यांसाठी सांभाळली जावी, म्हणजे प्रत्येक दादाला ती नव्याने करावी लागणार नाही. आणि गेम बाजारात आल्यानंतरच्या दोन वर्षांच्या देखभालीला, थोडी का होईना, मदत मिळावी. गेम बनवायला पैसे देणारे सापडतात, ती चालू ठेवायला कुणी देत नाही.

नवी आवृत्ती दादाने कालच बांधली. जोडाक्षरं नीट येतात, पण तिसऱ्या अंकात पडदा वर जाताना चित्र अडखळतंय. न्यू जर्सीला तसं कळवलंय, आणि सोमवारच्या सकाळच्या गाडीने मी साताऱ्याला निघते आहे.