वळायला पाच फूट

आईला अर्धांगवायू झाल्यावर कात्रजमधल्या आमच्या इमारतीकडे मी टेप हातात घेऊन बघायला लागले. सुखसागरनगरात फ्लॅट घेताना लिफ्ट आहे, पाणी आहे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. व्हीलचेअर लिफ्टमध्ये मावतेही. पण सरळ शिरली की आत फिरवता येत नाही, आमच्या मजल्यावर ती उलटीच बाहेर काढावी लागते. "मागं मागं नको गं नेऊस, भोवळ येते," असं म्हणत आई डाव्या हातानं खुर्चीचा हात घट्ट धरायची.

खरी कसरत पुढे. पॅसेज जेमतेम चार फूट आणि लगेच काटकोनात आमचं दार. भाऊ खुर्ची मागे कलवून पुढची चाकं अधांतरी करायचा आणि मागच्या दोन चाकांवर ती फिरवायचा. आईचा उजवा पाय फूटरेस्टवरून घसरला तरी तिला कळायचं नाही, म्हणून मी तो वाकून धरून ठेवायचे. एवढं करूनही शेजारच्या चपलांच्या कपाटाला खुर्ची घासायचीच.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी हे पाहिलं आणि खडू मागितला. "सरळ जायला तीन फूट पुरतात, जागच्या जागी वळायला पाच लागतात," म्हणत त्यांनी फरशीवर गोल काढला. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही वळण्यासाठी १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा सांगितली आहे. आमचा गोल एकीकडे कपाटाखाली गेला, दुसरीकडे भिंतीवर चढला.

सोसायटीच्या सेक्रेटरींना तो गोल दाखवला, तेव्हा कपाट हललं, तुळशीची कुंडीही गच्चीवर गेली. भिंत काही हलणार नव्हती. मग आमचं बाहेर उघडणारं सेफ्टी डोअर काढलं, उंबरा फरशीला सपाट केला. आता वळणाचा अर्धा भाग पॅसेजमध्ये आणि अर्धा आमच्या हॉलमध्ये होतो.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवून चालणार नाहीत, ती सक्तीची हवीत, असं बजावलं. पण बांधून झालेली भिंत निकालानं सरकत नाही. म्हणून घर बघायला जाल तेव्हा लिफ्टसमोर आणि दारासमोर टेप लावा. पाच फूट भरत नसतील, तर बुकिंगची रक्कम देण्याआधी बिल्डरला विचारा. म्हातारपण सगळ्यांनाच यायचं आहे.