आम्ही बडोद्याचे

गेल्या दिवाळीत आमचा पुण्याचा नातू आठ दिवस बडोद्यास राहून गेला. एके संध्याकाळी आम्ही उभयता त्याला घेऊन सुरसागराच्या काठी हिंडत होतो. रस्त्यावरच्या पाट्या गुजराती, घरातली बोली मराठी आणि आजीचे भाजीवालीशी चाललेले संभाषण धड हेही नाही नि तेही नाही, हे पाहून त्याने सहज विचारले, "आजोबा, आपण इथले की तिकडचे?" प्रश्न चिमुरड्याचा खरा, पण त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हांला त्याच्यासह सबंध शहर पुन्हा हिंडावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला सयाजीबागेच्या दाराशी काळ्या घोड्यापाशी नेले. घोड्यावरचे ते श्रीमंत सयाजीराव महाराज. १७३४ पासून बडोदे गायकवाडांकडे होते खरे. तथापि आज ज्याला आम्ही बडोदे म्हणतो ते घडवणारा हा पुरुष बडोद्यात जन्मला नव्हता. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातला हा मुलगा १८७५ साली, बाराव्या वर्षी, महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेऊन गादीवर बसवला. तोवर त्याची अक्षराशी ओळख नव्हती. त्याच मुलाने पुढे, १९०६ साली, आपल्या साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. नातू घोड्याकडे पाहत म्हणाला, "म्हणजे हेही तिकडचेच!" आम्ही हसलो आणि बागेत शिरलो.

बागेत त्याला केवळ कौतुकाच्याच गोष्टी सांगाव्यात असे मनात होते; पण ते प्रामाणिकपणाचे झाले नसते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली येथे नोकरीवर रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, तर तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. त्या दिवशी ते याच बागेत झाडाखाली बसून राहिले होते. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. दरबाराने विद्येचे दार उघडले, पण गावाने घराचे दार लावून घेतले. आणि त्या गावात आमचेही वाडवडील होते. आपल्या शहरावर माया करायची तर ही आठवण वगळून करता येत नाही. नातू बराच वेळ काही बोलला नाही.

दुपारी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेलो. महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे जाणकार ग्रंथपाल आणवून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेड्यापाड्यांत हिंडत. येथल्या लोखंडी कपाटांच्या मजल्यांवर जाड काचेची जमीन आहे. वरचा उजेड खालच्या पुस्तकापर्यंत पोहोचावा म्हणून. त्या काचेवर पाऊल टाकताना नातवाने आजीचा पदर घट्ट धरला. आमचे वडीलही पहिल्यांदा असेच बिचकले होते, असे ते सांगत. गुजराती व मराठी ग्रंथ येथे शेजारी नांदले. कारभाराच्या परिभाषेसाठी महाराजांनी आठ भाषांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' १९३१ साली सिद्ध करविला, त्यातही या दोन्ही भाषा मांडीला मांडी लावून बसल्या आहेत. मराठी साहित्य संमेलन या नगरीत १९०९, १९२१, १९३४ आणि पुन्हा २०१८ साली भरले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, राज्य गेले. पण भाषेचा पाहुणचार गेला नाही.

परतताना न्यायमंदिराच्या बाजूने आलो. १८९६ साली बांधलेल्या या इमारतीतील न्यायालये २०१८ मध्ये नव्या जागी गेली. मुलाला भूक लागली होती म्हणून एका गाडीवर शेव-उसळ घेतली. गाडीवाला अस्सल गुजराती. पण गिऱ्हाइके त्याच्याकडे 'तरी' मागत होती. उसळही आमची, तरीही आमची, आणि आता दोन्ही त्यांची! महाराष्ट्रातून आलेला एक पदार्थ या शहराने इतका आपलासा केला, की तो कोणाचा हे विचारण्याचे कोणाला कारणच उरले नाही.

दांडिया बाजारात मात्र आमचा पाय अडखळला. आमचा वाडा जेथे होता तेथे आता सहा मजली इमारत आहे. तुळशीवृंदावनाच्या जागी मोटारी उभ्या असतात. नातवाने विचारले, "कुणी पाडला?" बिल्डरचे नाव सांगून सुटता आले असते. पण भावंडांच्या सह्यांखाली आमचीही सही आहे. तुळया वाळवीने खाल्ल्या होत्या, मुले परगावी होती, आणि जिना चढणे आम्हांस झेपत नव्हते. शहर बदलले असे आपण म्हणतो, तेव्हा त्या बदलावर पुष्कळदा आपलीच सही असते.

विश्वामित्रीचेही तसेच. काठच्या घळी बुजवून, तळी भरून आम्ही घरे बांधली. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदीने आपली जागा परत मागितली. पाणी आमच्या इमारतीत शिरले त्या रात्री तळमजल्यावरच्या गुजराती शेजारीणबाई आपल्या देव्हाऱ्यासह आमच्याकडे चार दिवस राहिल्या. दोन्ही घरांचे देव एका चौरंगावर बसले. त्या पहाटे आमच्यासाठी चहा करीत, तोही आपल्या पद्धतीने, आले घालून दाट. पुढे पाणी ओसरले. चहाची पद्धत राहिली.

स्टेशनावर गाडी सुटण्याआधी नातवाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, "बाळ, जो गावाकडून घेतो आणि गावाला काही देतो, तो तिथला. आमचे घेणे फार झाले आहे. देणे अजून बाकी आहे." त्याला कितपत कळले कोण जाणे. तो खिडकीतून ओरडला, "आजी, पुढच्या वेळी तरी जास्त!"

दुसऱ्या दिवशी आम्ही माळ्यावरची, वाड्यातून आणलेली पुस्तकांची पेटी खाली काढली. पाच वर्षे ती बांधलेलीच होती. आता आठवड्यातून दोनदा इमारतीतली मुले आमच्या दिवाणखान्यात जमतात. चौघे मराठी आहेत, सातजण गुजराती. गोष्ट कोणत्या भाषेत वाचायची यावर रोज भांडण होते, आणि रोज दोन्ही भाषांत वाचावी लागते.