मुनीमजींचा प्रश्न

गेल्या दिवाळीत वहीपूजन आटोपले. नव्या वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक काढून झाले, पेढे वाटले गेले, माणसे आपापल्या घरी गेली. शटर ओढण्यापूर्वी सौ.ने सहज विचारले, ‘‘अहो, अशा आणखी किती वह्या पुजायच्या? पुढे कोण?’’

मला उत्तर देता आले नाही. सिन्नरच्या बाजारपेठेतील आमचे किराणा-भुसाराचे दुकान आजोबांनी मांडले. त्यांच्यामागे वडील आणि वडिलांमागे मी गादीवर बसलो. आता माझे वय ६७ आहे. चिरंजीव पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरीस आहेत आणि तेथेच रमले आहेत. त्यांनी तागडी धरावी असा आग्रह मी कधी केला नाही, आणि आता करणे शोभणारही नाही. आपल्या समाजातील किती घरांत आज हाच प्रश्न उभा आहे, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको.

त्याच सुमारास नाशिकच्या एका व्यापाऱ्याने दुकान जागेसह विकत घेण्याची तयारी दाखवली. किंमत उत्तम होती. मात्र त्यांना तेथे कपड्यांचे मोठे दालन काढावयाचे होते. आमच्याकडे काम करणारी पाच माणसे त्यांच्या हिशेबात कोठेच नव्हती. ही पाच माणसे म्हणजे मुनीमजी, काउंटरवरचे दोघे, संगणकावर बिले करणारी एक मुलगी आणि टेम्पोचा चालक.

हा विषय घरी निघाला तेव्हा चिरंजीव बोलता बोलता म्हणाले की, त्यांच्या कंपनीने त्यांना पगाराखेरीज शेअर दिले आहेत. चार वर्षांच्या नोकरीत ते त्या कंपनीचे, तीळभर का होईना, मालक झाले होते. मुनीमजी आमच्या गादीशेजारी ३१ वर्षे बसत आहेत. या दुकानात त्यांचा भाग किती? हा हिशेब मी आयुष्यात प्रथमच मनाशी मांडला, आणि त्याचे उत्तर शून्य आले.

‘‘पप्पा,’’ चिरंजीव म्हणाले, ‘‘अमेरिकेत कित्येक मालक निवृत्त होताना धंदा आपल्या कामगारांच्याच स्वाधीन करतात. त्या विषयावर दोन दिवसांची ऑनलाइन परिषद आहे. मी तुमचे नाव नोंदवतो. आधी ऐका, निर्णय मागाहून घ्या.’’

त्यांची सकाळ ती आपली संध्याकाळ. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वीच जेवणे आटोपतात, त्यामुळे वेळेची अडचण नव्हती. दुकानाच्या मागच्या खोलीत लॅपटॉप मांडला. पडद्यावर चौकटीचौकटींतून देशोदेशीचे चेहरे दिसत होते. कोणाच्या पाठीमागे पुस्तकांचे कपाट होते, कोणाच्या मागे बर्फाने झाकलेले अंगण, आणि माझ्या मागे तूरडाळीची पोती. इंग्रजी भराभर पुढे जाई. निम्मे मला समजे, उरलेले चिरंजीव फोनवरून समजावून सांगत.

पहिल्या संध्याकाळी मूळ कल्पना उमगली. अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्याने या व्यवस्थेला भक्कम आधार मिळाला. कामगार खिशातून पैसे घालून धंदा विकत घेत नाही. त्यांच्या वतीने एक विश्वस्त निधी स्थापन होतो, तो मालकाचे शेअर विकत घेतो, आणि पुढे धंद्याच्या नफ्यातून त्याची किंमत फेडली जाते. कामगाराच्या खात्यावर वर्षागणिक भाग जमा होत जातो आणि निवृत्तीच्या वेळी त्याचे मोल त्याच्या हाती पडते. ओरेगॉन राज्यातील ‘बॉब्ज रेड मिल’ ही धान्ये आणि पिठे दळून विकणारी कंपनी. तिचे संस्थापक बॉब मूर यांनी २०१० मध्ये, आपल्या ८१ व्या वाढदिवशी, अशीच योजना कामगारांसमोर जाहीर केली. धान्य-पिठाचाच धंदा म्हटल्यावर माझे कान टवकारले. ब्रिटननेही २०१४ मध्ये कामगारांच्या अशा विश्वस्त निधीसाठी कायदा केला आहे.

ऐकता ऐकता मन मात्र आपल्याच मुलुखात फिरू लागले. हे सारे आपल्याला अगदीच नवे आहे काय? १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात भगिनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास बसल्या. त्यातून ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ उभे राहिले. सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचे. तेथे काम करणारी स्त्री नोकर नसते. ती ‘बहीण’ असते आणि नफ्या-तोट्यात भागीदार असते. आम्ही व्यापारी ते पापड वर्षानुवर्षे विकत आलो, पण त्यामागची मालकी कोणाची, याचा विचार मी कधी केला नव्हता.

दुसरे उदाहरण तर सिन्नरकराच्या काळजाजवळचे. आपले गाव बिड्यांचे. माझ्या लहानपणी गल्लोगल्ली उंबऱ्यावर बसून, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या स्त्रिया दिसत. आमच्या घराण्याने तंबाखूच्या व्यापाराला हात लावला नाही, तरी दुकान चालत असे ते त्याच घरांच्या आधाराने. बिडीचा हप्ता झाला की आमची उधारी फिटे. १९६६ मध्ये बिडी कामगारांसाठी केंद्र सरकारचा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीची वेळ आली तेव्हा मंगळूरच्या कारखानदारांनी केरळातील कण्णूर भागातले काम बंद केले आणि हजारो माणसे रस्त्यावर आली. त्यांनी १९६९ मध्ये ‘केरळ दिनेश बिडी’ ही सहकारी संस्था काढली. एके काळी तिच्यात ४०,००० हून अधिक कामगार होते. पुढे बिडीची मागणी घटू लागली, तेव्हा संस्थेने खाद्यपदार्थ आणि छत्र्यांच्या उत्पादनात शिरून आपली माणसे सांभाळण्याचा प्रयत्न केला. बिडी वळणारे हात आपल्या गावातही तितकेच कसबी होते. त्यांच्यासाठी असे काही उभे राहावे, हे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले नाही, माझ्या तर नाहीच.

केवळ गोड गोष्टी आठवून भागणारे नव्हते. मुंबईत कुर्ल्याचा ‘कमानी ट्यूब्स’ हा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. तो कामगारांनी स्वतः चालवावा या योजनेला १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने वाट मिळाली, आणि १९८९ मध्ये यंत्रे पुन्हा फिरू लागली. कामगारांनी त्यासाठी आपल्या भविष्य निर्वाह निधीतूनही पैसा उभा केला होता. आरंभीची वर्षे चांगली गेली. पुढे खेळत्या भांडवलाची चणचण आणि आपापसांतील मतभेद यांनी कारखाना पुन्हा अडचणीत आला. नळ्या कशा ओढायच्या हे त्या कामगारांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पण माल घेणे, पैसा फिरवणे, उधारी किती द्यायची आणि केव्हा थांबवायची, हे वेगळेच शास्त्र आहे, हे आपण व्यापारी जाणतो.

दुसऱ्या संध्याकाळी आम्हाला आठ-आठ जणांच्या छोट्या गटांत बसवले. माझ्या गटात लाकडाचे दुकान चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी आपले दुकान माणसांच्या हाती सोपवून सहा वर्षे झाली होती. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले, ‘‘प्रारंभ कोठून करावा?’’ त्यांनी मलाच उलट विचारले, ‘‘मागच्या वर्षी तुम्हाला किती नफा झाला, हे तुमच्या माणसांना ठाऊक आहे काय?’’

मी गप्प राहिलो. रोजमेळ मुनीमजी लिहितात, खतावणी तेच ठेवतात. पण वर्षअखेरचा ताळेबंद मी आणि आमचे सी.ए. यांच्यातच राहतो. घरखर्चाची उचल, नातलगांच्या ठेवींवरचे व्याज ही पाने मुनीमजींसमोर कधी उघडली गेली नाहीत. ३१ वर्षे ज्यांच्या हाती तिजोरीची किल्ली दिली, त्यांच्या हाती तो एक कागद मात्र दिला नव्हता.

त्या रात्री मी ताळेबंद घेऊन बसलो, आणि माझ्याच डोळ्यांत अंजन पडले. जागा घरची असल्याने दुकानाने भाडे कधी दिले नाही. मी मालक असल्याने पगार कधी घेतला नाही. बाजारभावाने भाडे धरले, माझ्या जागी नेमाव्या लागणाऱ्या माणसाचा पगार धरला, तेव्हा १०० रुपये नफा म्हणून मी जे समजत होतो, त्यातील जेमतेम ३० रुपये दुकानाचे खरे उत्पन्न ठरले. उरलेले माझ्या घराचे आणि माझ्या अंगमेहनतीचे होते. माणसांच्या हाती धंदा देताना आपण नेमके काय देत आहोत, हे मालकालाच आधी कळावयास हवे.

सकाळी दुकान उघडल्यावर मी मुनीमजींपाशी विषय काढला. वाटले होते, त्यांचे डोळे भरून येतील. ते बराच वेळ पेन खाली-वर करीत राहिले. मग म्हणाले, ‘‘शेठ, तुमचं मन मोठं आहे, यात शंका नाही. पण एक विचारतो, राग मानू नका. भाग दिला आणि उद्या तोटा आला, तर माझं घर जाईल का? मुलाच्या लग्नासाठी ठेवलेलं तेवढंच आहे हो.’’

क्षणभर मला वाईट वाटले. पण हा प्रश्न रास्त होता. भाग घेण्यापूर्वी कोणताही शहाणा व्यापारी हेच विचारेल. मी स्वतःला दाता समजत होतो, आणि मुनीमजी माझ्यासमोर प्रथमच व्यापारी म्हणून बोलत होते.

सी.ए.साहेबांनी उलगडा केला. १९३२ च्या कायद्याप्रमाणे साधी भागीदारी केली, तर प्रत्येक भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते. ‘याच्याकडे तोटा नाही’ असे आपापसांत लिहून घेता येते, पण बाहेरच्या देणेकऱ्यांपुढे ते लेखन चालत नाही, आणि मुनीमजींचे घर खरोखरच धोक्यात येऊ शकते. २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजे एल.एल.पी., करता येते. तीत सचोटीने वागणाऱ्या भागीदाराची जोखीम त्याच्या भांडवलापुरती राहते. नवे पॅन आणि नवी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते, दरवर्षीची विवरणपत्रे वाढतात, हा त्याचा जाच. ब्रिटनसारखा विश्वस्त निधीचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, पण आमच्यासारख्या पाच माणसांच्या दुकानाला हा मार्ग पुरेसा आहे.

घरी सौ.ने शंका काढली, ‘‘उद्या त्यांच्यात भांडणे झाली तर?’’ कमानी ट्यूब्सचा इतिहास डोळ्यांसमोर असल्याने ती शंका मला उडवून लावता आली नाही. म्हणून घाई केली नाही. चिरंजीवांच्या संमतीने असे ठरले की, जागा कुटुंबाची राहील आणि दुकान तिचे रीतसर भाडे देईल. जुनी उधारी माझ्या नावावर राहील, तिची वसुली मी करीन. माणसांचा भाग रोख रकमेने नव्हे, तर दरवर्षीच्या नफ्यातून वाढत जाईल आणि पाच वर्षांत अर्ध्याहून अधिक होईल. एखाद्याला मध्येच निघायचे असेल, तर त्याच्या भागाची किंमत कशी ठरवावयाची, हे आधीच लिहून ठेवले आहे. टेम्पोच्या चालकाने नम्रपणे नकार दिला. त्याला महिन्याचा पगार बरा वाटतो, आणि त्याचे तसे वाटणेही आम्ही मान्य केले.

गुढीपाडव्यापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी आम्ही मागच्या खोलीत बसतो आणि मागील महिन्याचा हिशेब मोठ्याने वाचतो. पहिल्या बैठकीत सारे अवघडून बसले होते. दुसऱ्या बैठकीत बिले करणाऱ्या मुलीने विचारले की, ज्या तेलाच्या डब्यावर आपण एवढी सूट देतो, त्यात आपल्याला उरते काय? उरत काहीच नव्हते. तिसऱ्या बैठकीत मुनीमजी म्हणाले, ‘‘शेठ, गोदामाचं भाडं आपण जास्त देतो. वावी वेशीकडे यापेक्षा स्वस्त जागा आहे.’’

मी विचारले, ‘‘मुनीमजी, इतक्या वर्षांत हे कधी बोलला नाहीत?’’

‘‘इतक्या वर्षांत गोदामाचं भाडं माझ्या खिशातून जात नव्हतं, शेठ,’’ ते हसून म्हणाले.

नाशिकच्या व्यापाऱ्यास मी नकार कळवला आहे. माझा हा प्रयोग यशस्वी होईलच, असे मी म्हणत नाही. पाच वर्षे जावयाची आहेत, आणि बाजार कोणाचेच ऐकत नाही. परंतु ज्यांच्या मुलांनी दुसरी वाट धरली आहे, अशा वाचकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. दुकानाच्या विक्रीचा आकडा ठरवण्यापूर्वी एकदा जागेचे भाडे आणि स्वतःचा पगार धरून ताळेबंद मांडावा, आणि तो आपल्या माणसांसमोर वाचावा. ते काय विचारतात, ते मन लावून ऐकावे. पुढे कोण, या प्रश्नाचे उत्तर कदाचित काउंटरच्या पलीकडे आधीपासूनच उभे असेल.