पार्लो, पार्ली, पार्ला

इटालियन शिकतेय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पिझ्झा, गोंडोला आणि हातवारे करत बोलणारे हँडसम पुरुष येतात. प्रत्यक्षात समोर येतो तो तक्ता. एक क्रियापद घ्यायचं. साधं, नियमित, अजिबात वाकड्यात न शिरणारं. 'पार्लारे', म्हणजे बोलणे. त्याचं शेवटचं 'आरे' कापायचं, 'पार्ल' उरतं, आणि मग त्याला शेपट्या लावत सुटायचं. पार्लो, मी बोलते. पार्ली, तू बोलतोस. पार्ला, तो किंवा ती बोलते. पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो. झाला एक वर्तमानकाळ! साध्या विधानाचे असे आठ काळ, कोंजुन्तीवो नावाच्या प्रकाराचे चार, कोंदित्स्योनालेचे दोन. चौदा गुणिले सहा, चौऱ्याऐंशी. आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरल्यावर मनुष्यजन्म मिळतो म्हणतात, तिकडे चौऱ्याऐंशी घरं भरल्यावर एक क्रियापद मिळतं. आज्ञार्थाची पाच घरं वेगळी. आणि हे नियमित क्रियापद आहे बरं का. अनियमितांचं टेन्शन आज नको.

मी जन्माने विलेपार्लेकर. त्यामुळे पहिल्या तासाला 'पार्ला' ऐकल्यावर मला हसूच फुटलं. आमचे रिक्षावाले अगदी असंच म्हणतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीने मला दोन वर्षांसाठी तोरीनोला धाडलं. ऑफिसात इंग्रजीवर निभावतं, पण भाजीवाला, फार्मसी आणि घरमालकीण यांच्यापुढे इंग्रजीचं काही चालत नाही. म्हणून संध्याकाळी सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रातल्या वर्गाला जाऊ लागले. वर्गात मोरोक्को, रुमानिया, पेरू, सगळे. सुरुवातीला आमची सगळ्यांची भाषा एकच होती: शेपट्या नसलेली. 'इयो पार्लारे पोको.' मी बोलणे थोडे. 'दोमानी कोम्प्रारे पाने.' उद्या विकत घेणे ब्रेड. आणि गंमत म्हणजे यावर माणूस चक्क जगू शकतो. दुकानदार समजून घेतात, थोडं जोरात आणि सावकाश उत्तर देतात. बहिऱ्याशी बोलावं तसं.

जानेवारी २०२३ मध्ये बाबांना स्ट्रोक आला.

तीन आठवड्यांची रजा काढून मुंबईला आले. उजवा हात हळूहळू सुधारत होता. बोलणं मात्र गेलं होतं. म्हणजे आवाज होता, समज शाबूत होती, पेपरातली हेडलाइन दाखवून भुवया उडवत होते. पण जे बोलायचंय त्याचं वाक्य होत नव्हतं. डॉक्टरांनी शब्द सांगितला, अफेझिया. पॅरिसच्या पॉल ब्रोकाने १८६१ साली ज्या पेशंटची नोंद केली, त्याला 'टॅन' एवढाच एक उच्चार जमत होता. मेंदूच्या डाव्या बाजूचा, पुढचा तो भाग आजही ब्रोकाच्या नावाने ओळखला जातो. बाबांचं नुकसान त्याच परिसरातलं होतं.

दोन आठवड्यांनी शब्द येऊ लागले. 'चहा... पिणे.' 'आई... बाजार... जाणे.'

आता यातून काय समजायचं? आई बाजारात गेली? जाणार आहे? तिने जावं? की तुम्हाला तिच्याबरोबर जायचंय? आई एकेक पर्याय विचारायची आणि बाबा चुकीच्या पर्यायावर गादीवर हात आपटायचे. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या की अशा पेशंटांचं बऱ्याचदा असं होतं. नामं टिकतात, क्रियापदाचे प्रत्यय गळतात. मी मान डोलावली. ही भाषा माझ्या चांगल्याच ओळखीची होती, मी ती रोज संध्याकाळी सात ते नऊ बोलत होते. फरक एवढाच की माझ्याकडे मराठी शिल्लक होती.

एक मात्र सॉलिड होतं. ज्या माणसाला चहा मागता येत नव्हता, तो एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हणत होता! एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, थेट दाहीपर्यंत. त्यामागचा फंडा थेरपिस्टनी समजावला. पाठ केलेलं एका वाटेने येतं, मनाने रचलेलं दुसऱ्या वाटेने. पाढे, आकडे, रामरक्षा, गाणी बऱ्याचदा वाचतात.

मी तोरीनोला परतले आणि रविवारचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. बोलायला तसं काही नसायचं. म्हणजे माझ्याकडे असायचं, पण एकाच बाजूने किती बोलणार? मग मी होमवर्क मोठ्याने म्हणायला घेतलं. पार्लो, पार्ली, पार्ला. तोही पाढाच की. तिसऱ्या की चौथ्या रविवारी बाबा बरोबर म्हणू लागले. पार्लो. पार्ली. पार्ला. मग थांबले. स्क्रीनकडे बघत गालात हसले आणि म्हणाले, 'ईस्ट.'

आई आत पळाली. मी हसत होते की रडत होते ते शेजारच्या सिन्योरालाही कळलं नसावं.

तोवर नातेवाइकांचे फोन सुरूच होते. 'किती छान बोलायचे गं तुझे बाबा!' प्रेमानेच म्हणायचे सगळे. पण त्या 'बोलायचे'ने माझं डोकं फिरायचं. इटालियनमध्ये त्याला इंपेरफेत्तो म्हणतात: पार्लावा. एकदा घडून संपलेलं असेल तर 'आ पार्लातो', तो बोलला. नेहमीचं, सवयीचं, मागे पसरलेलं असेल तर 'पार्लावा', तो बोलायचा. हा फरक समजून घेताना माझे इंग्लिशवाले सहकारी घामाघूम होतात, मराठी माणसाला तो आयता येतो. काळ म्हणून मला तो फार आवडतो. फक्त बाबा पलीकडच्या खोलीत खुर्चीवर बसलेले असताना कोणी तो त्यांच्याबद्दल वापरू नये, एवढंच.

मग वर्गात कोंजुन्तीवो आला. अख्ख्या वर्गाने कपाळाला हात लावला. खुद्द इटालियन लोकही यात गडबडतात आणि त्यावरून एकमेकांची टिंगल करतात. नियम असा: 'सो के', म्हणजे मला ठाऊक आहे की, याच्यानंतर सरळ 'पार्ला'. पण 'क्रेदो के', मला वाटतं की, किंवा 'स्पेरो के', आशा आहे की, यांच्यानंतर 'पार्ली'. ठाऊक असणं आणि आशा असणं यांच्यामध्ये एक स्वर!

वर्ग चिडचिडत होता आणि मी मुंबईतल्या डॉक्टरांचं वाक्य आठवत होते. मी त्यांना विचारलं होतं, बाबा बोलतील ना? ते म्हणाले होते, 'सहा महिन्यांत बोलू लागावेत.' लागतील नाही, लागावेत. तेव्हा वाटलं होतं, डॉक्टर हात झटकतायत. आता कळलं की ते नेमकं बोलले होते. शाळेत वाळंब्यांच्या पुस्तकातून घोकलेले चार अर्थ आठवतायत? स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. मार्कांसाठी पाठ केले आणि विसरलो. पण 'पोचला असावा', 'पाऊस यावा', 'बोलू लागावेत' हे सगळं आपलं रोजचं कोंजुन्तीवोच आहे. तंतोतंत जुळत नाही, पण काम तेच.

आणखी एक मजा. इटालियनमध्ये आदराने कोणाला 'बोला' म्हणायचं तर आज्ञार्थाचं स्वतःचं रूप नाही, ते याच कोंजुन्तीवोकडून उसनं घेतात. मैत्रिणीला 'पार्ला!', बोल. घरमालकीणबाईंना मात्र 'पार्ली'. आपणही पाहुण्याला 'बस' म्हणत नाही, 'यावं, बसावं' म्हणतो. मोठ्या माणसाला हुकूम सोडायचा नसतो, इच्छा व्यक्त करायची असते. (सिन्योरा मला आग्रहाने 'पार्ली पुरे' म्हणायच्या. मराठी कानाला ते 'पुरे' खटकतं, पण अर्थ नेमका उलटा: बोला, खुशाल बोला.) आईला मी अगंतुगं करते, बाबांना अहोजाहो. म्हणजे त्यांना 'बोला ना' म्हणणं आणि ते बोलू देत अशी आशा करणं, दोन्हीला एकच शब्द.

प्रोफेसोरेस्साने प्रत्येकाला 'स्पेरो के'चं वाक्य करायला सांगितलं. लॉटरी लागो, सुट्टी मिळो, ऊन पडो, असं चाललं होतं. माझी पाळी आली. 'स्पेरो के मिओ पाद्रे पार्ली.' माझे वडील बोलोत. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. वाक्य बरोबर होतं. फळ्यावर लिहिलं आणि पुढच्याकडे वळली. त्याबद्दल मी तिची आजन्म ऋणी आहे.

ऑगस्टमधल्या एका रविवारी बाबांनी विचारलं, 'कधी येतेस?'

प्रश्न दोन शब्दांचा. मी आधी त्याचं व्याकरणच केलं, काय करणार, सवय! वर्तमानकाळ, द्वितीय पुरुष, एकवचन, आणि वर स्त्रीलिंग. इटालियन क्रियापद वर्तमानकाळात एवढं सांगतच नाही, 'पार्ली' पुरुषालाही तेच आणि बाईलाही तेच. डिसेंबरचं तिकीट त्याच रात्री काढलं. दोनदा विमान बदलायचं होतं, पण स्वस्त होतं.

त्यानंतर शेपट्या एकेक करून परत आल्या. वर्तमान आधी, मग भूतकाळ, भविष्यकाळ बऱ्याच उशिरा. आज बाबा सावकाश बोलतात, बँकेतल्या माणसाशी वादही घालतात. एक राहिलंय ते संकेतार्थ. इटालियनमध्ये त्याचे दोन तुकडे वेगळ्या रूपांत येतात: 'आवेस्से पार्लातो', बोलला असता तर, हा कोंजुन्तीवो, आणि त्याचं फळ 'आव्रेब्बे', हा कोंदित्स्योनाले. आपण दोन्हीकडे 'असता, असतं' म्हणून मोकळे होतो, तरी बाबांना ते अजून साधत नाही. थेरपिस्ट कार्डं दाखवतात. 'पाऊस पडला असता तर...' बाबा विचार करतात आणि म्हणतात, 'नाही पडला.'

आई म्हणते, असू दे, एवढं कशाला हवंय.