बिनटॉवरचा विमानतळ

प्रिय नलू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. निम्म्यात भाच्याच्या लग्नातली जेवणं, आणि मग एकदम, ‘अगं, तुमच्या विमानतळावर टॉवरच नाही म्हणतेस, मग विमानं एकमेकांवर आदळत नाहीत का?’ लग्नाबद्दल नंतर भांडते (मला साधी पत्रिकासुद्धा नाही!). आज विमानांचं.

इथे टॉवर नसणं हीच रीत आहे. अमेरिकेत सर्वसामान्यांना वापरता येणारे विमानतळ पाच हजारांच्या आसपास, आणि टॉवर आहे तो त्यातल्या जेमतेम दहातल्या एकावर. बाकी ठिकाणी एक धावपट्टी, वाऱ्याने फुगणारी ती नारिंगी कापडी नळी आणि इंधनाचा पंप. ‘उतरा’, ‘थांबा’ म्हणणारं कोणी नाही. वैमानिकांनी आपापसात ठरवायचं.

आपापसात म्हणजे मनाला येईल तसं नव्हे हं. धावपट्टीला धरून, जमिनीपासून साधारण हजार फुटांवर, एक लांबट चौकोन मनाने आखलेला असतो. भारतात त्याला सर्किट म्हणतात, इथे पॅटर्न. वेगळं काही ठरलेलं नसेल तर सगळी वळणं डावीकडे. उलटी प्रदक्षिणाच म्हण ना, देव डाव्या हाताला ठेवून. वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो, त्यामुळे त्याला धावपट्टी खिडकीतून दिसत राहते. धावपट्टीला समांतर, पण उतरण्याच्या उलट दिशेने जाणारी बाजू म्हणजे डाउनविंड. बाहेरून येणाऱ्याने तिच्या मध्यावर पंचेचाळीस अंशांच्या कोनात शिरायचं. तिथून डावीकडे वळलं की बेस, पुन्हा वळलं की फायनल, आणि समोर धावपट्टी.

प्रत्येक वळणाला रेडिओवर बोलायचं. ‘वॉटसनव्हिल ट्रॅफिक, सेस्ना अमुकतमुक, लेफ्ट डाउनविंड, रनवे टू झीरो, वॉटसनव्हिल.’ गावाचं नाव सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे. कारण 122.8 सारखी एकच फ्रिक्वेन्सी कितीतरी छोट्या विमानतळांना मिळून दिलेली असते. स्वच्छ रविवारी निम्म्या जिल्ह्याच्या गप्पा तुझ्या कानात असतात. त्यात कोणी बटण दाबायच्या आधीच बोलायला लागतो आणि पहिला शब्द खाल्ला जातो. मग शेवटचं नाव तारून नेतं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर नुसती किंकाळी. आणि एक जमात आहे जी दहा मैलांवरून ‘परिसरात कोणी असाल तर कळवा’ अशी हाळी देते. अधिकृत पुस्तकात असं म्हणू नका म्हणून स्पष्ट लिहिलंय, तरी देतात. अरे बाबा, चार जण एकदम कळवायला लागले तर तुला काय ऐकू येणार?

पण रेडिओ ऐकून माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच घात होतो. बोलणाऱ्याला आपण कुठे आहोत असं वाटतंय, एवढंच रेडिओवरून कळतं. तो खरंच तिथे आहे का, आणि बोलतोय तो तुला हवा तोच माणूस आहे का, हे डोळ्यांनीच बघावं लागतं.

इलिनॉयमधल्या क्विन्सीला 19 नोव्हेंबर 1996 रोजी काय झालं ते सांगते. तिथेही टॉवर नव्हता. युनायटेड एक्सप्रेसचं छोटं बीचक्राफ्ट 1900, दहा प्रवासी आणि दोन वैमानिक, रनवे 13 वर उतरायला येत होतं. त्या पट्टीला छेदणाऱ्या रनवे 4 च्या टोकाशी एक किंग एअर उड्डाणासाठी उभं होतं आणि त्याच्या मागे एक चेरोकी. उतरणाऱ्यांनी नीट विचारलं: रनवे 4 वरचं विमान थांबणार आहे की निघणार आहे? उत्तर आलं, थांबलोय. ते दिलं मागच्या चेरोकीच्या वैमानिकाने. त्याने आपला नंबर सांगितला होता, पण त्याच वेळी उतरणाऱ्या विमानातलं यंत्र उंची पुकारत होतं आणि उत्तराचा काही भाग त्यात बुडाला. बीचक्राफ्टवाल्यांना वाटलं, पुढचंच विमान बोलतंय. किंग एअर मात्र त्या प्रश्नाला उत्तर न देताच सुटलं. दोन्ही पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे टक्कर झाली. आणि नलू, टक्कर जगण्यासारखी होती. धावत गेलेल्यांना बीचक्राफ्टचं दार उघडता आलं नाही. आग आणि धुराने दोन्ही विमानांतले मिळून चौदाच्या चौदा गेले. चौकशीत मुख्य दोष किंग एअरमधल्यांवर आला: रेडिओकडे लक्ष नाही आणि पट्टीवर निघण्याआधी नीट पाहिलं नाही.

आमच्या बाजूचं उदाहरण वॉटसनव्हिलचं. समुद्राजवळचं, स्ट्रॉबेरीच्या शेतांतलं गाव. 18 ऑगस्ट 2022 ला दुपारी एक सेस्ना 152 तिथे पॅटर्नमध्ये फिरत होतं. एकटा वैमानिक, सराव चाललेला. दोन इंजिनांचं सेस्ना 340 लांबून सरळ फायनलवर आलं. दोघंही रेडिओवर बोलत होते, दोघांनीही एकमेकांना ऐकलं असणार. पण 340 चा वेग होता 180 नॉटच्या आसपास, म्हणजे उतरताना असायला हवा त्याहून खूपच जास्त. 152 त्याच्या निम्म्यानेही जात नसेल. 152 च्या वैमानिकाला मागचं विमान दिसलं, ‘फार जोरात येतोयस, मी न उतरता पुढे जातो’ अशा अर्थाचं तो बोललाही. तेवढा वेळच उरला नव्हता. दोन्ही विमानांतले मिळून तिघं गेले.

सरळ येऊन उतरायला बंदी नाही, हे आधी सांगते. नियम म्हणतो की उतरायला येणाऱ्यांत जो खाली असेल त्याचा हक्क पहिला, पण त्या हक्काच्या जोरावर दुसऱ्याच्या पुढ्यात घुसायचं नाही. विमानवाहतूक खात्याचं पत्रक म्हणतं, सरळ येणाऱ्याने फिरणाऱ्यांची घडी विस्कटू नये. माझं मत याहून कडक आहे. पॅटर्नमध्ये कोणी असताना तासाभराच्या प्रवासातली तीन मिनिटं वाचवायला सरळ घुसणाऱ्याला मी शिष्टच म्हणते. महागडं विमान घेतलं की दम धरायचा नसतो, असं काहींना कोण सांगतं कुणास ठाऊक.

आता त्या चौकोनातली सगळ्यांत वाईट जागा: बेसवरून फायनलला वळायचं ते वळण. माझ्या सेस्नाचे पंख डोक्यावर आहेत. डावीकडे वळायला लागलं की डावा पंख खाली येतो आणि जिकडे वळायचंय नेमकं तेच झाकतो. म्हणून वळण्याआधी तो पंख जरासा वर उचलायचा, उजवीकडे फायनलच्या रेषेवर लांबपर्यंत बघायचं, मग समोर बघायचं (उलट्या बाजूने बेसवर येणारे महाभागही असतात), आणि मगच वळायचं. खालच्या पंखांच्या विमानाला खालचं दिसत नाही, आम्हाला वरचं. तो माझ्या डोक्यावरून उतरत आला तर दोघंही एकमेकांना आंधळे. शिवाय, काचेवरून सरकत जाणाऱ्या विमानाची मला भीती वाटत नाही. एकाच जागी थांबलेला आणि नुसता मोठा होत जाणारा ठिपका, तो आपल्यावर येत असतो.

त्याच वळणावर दुसरा सापळा. वाऱ्याने ढकललं आणि धावपट्टीची रेषा ओलांडली, की पायाने रडर दाबून नाक खेचून आणायचा मोह होतो. वेग आधीच कमी, विमान तिरपं, वर नाकही ओढलेलं. एक पंख हवा सोडतो आणि विमान गिरकी घेतं. एवढ्या कमी उंचीवर सावरायला जागाच नसते. शहाणपणाचा मार्ग म्हणजे सोडून देणं, इंजिन पूर्ण वाढवून वर जाणं आणि पुन्हा फेरी मारणं. आमचे मास्तर याबाबतीत खडूस होते, देव त्यांचं भलं करो.

तू म्हणशील, एवढं सगळं करण्यापेक्षा स्क्रीनवर दिसत नाहीत का विमानं? दिसतात, टॅबलेटवर, ज्यांच्यात एडीएस-बी ट्रान्समीटर आहे ती. पण 1940 च्या दशकातलं पिवळं पायपर कब येतं, ज्यात वीजच नाही. रेडिओ नाही, ट्रान्समीटर नाही, आणि टॉवर नसलेल्या बहुतेक विमानतळांवर हे पूर्ण कायदेशीर आहे. हॉलिस्टरला ग्लायडर असतात; त्यांना इंजिन नाही, एकदा हुकलं की पुन्हा फेरी नाही, म्हणून इंजिनवाल्या सगळ्यांनी त्यांना वाट द्यायची. अशा ठिकाणी टॅबलेटमध्ये डोकं घालून बसलेला माणूस बघितला की मला घाम फुटतो.

तर मे महिन्यात येशील तेव्हा तुला उजव्या खुर्चीत बसवणार, आणि फुकट नाही. विमान दिसलं की घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगायचं: समोर बारा, उजव्या हाताला तीन. मला आधीच दिसलं असेल असं समजून गप्प राहायचं नाही. पॅटर्नमध्ये शिरल्यावर लग्नातल्या जिलबीचा विषय बंद, उतरल्यावर हवं तेवढं बोल. आणि ते मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चपासून ढकलते आहेस, ते उरकूनच ये बाई. उजवीकडची बाजू तुझ्यावर सोपवणार आहे मी.

तुझी,
विजू