संमतिपत्रातला आजार

कर्करोगाने माणसाची झोप, कमाई, नातीगोती आणि धीर यांचे काय होते, याचा अभ्यास ही आज स्वतंत्र ज्ञानशाखा आहे. जिमी हॉलंड यांनी १९७७ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये कर्करुग्णांसाठी मनोविकार विभाग सुरू केला, तेव्हापासून तिला आकार आला. महाराष्ट्रात या वाटेला लागणारे मानसशास्त्र, समाजकार्य किंवा परिचर्या शिकून येतात. पदवी यांपैकी कुठलीही चालते. रुग्णाजवळ बसून राहण्याची सवय मात्र लागते.

पेण-रोह्याच्या रुग्णाला परळचे टाटा रुग्णालय गाठायचे तर रोहा–दिवा गाडी आणि पुढे लोकल. त्याच संस्थेचे खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र मात्र त्याच्या रायगड जिल्ह्यातच आहे. सोबत मुलगा किंवा जावई असतो. तो संशोधकाला दाराबाहेरच गाठतो: "बाबांना नुसती गाठ आहे एवढंच सांगितलंय." पंचाईत इथून सुरू होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते. अभ्यासाच्या शीर्षकातच रोगाचे नाव असेल, तर संमतिपत्र वाचून दाखवले की निदान सांगितलेच गेले. आणि तो अधिकार उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. अशा रुग्णांना सरळ वगळण्याचा मोह होतो. मग अभ्यासात उरतात ते फक्त ज्यांना सांगितले आहे ते, आणि निष्कर्षही तेवढ्यांपुरताच. नवख्याने पहिला अभ्यास या लपवाछपवीवरच करावा: कोण लपवतो, कोणापासून, आणि रुग्णाला आधीच किती ठाऊक असते. त्याला लांब मुलाखती लागतात, नातेवाइकांच्याही, वेगळे बसून.

मापन्या नंतर. १९८३ ची रुग्णालयीन चिंता-नैराश्य मापनी १४ प्रश्नांची आहे. थकवा, मंदावलेली भूक ही लक्षणे तिने मुद्दाम गाळली, कारण ती रोगाने आणि केमोनेही येतात. शहाणपणाची गोष्ट. पण तिचा एक प्रश्न पुस्तक, रेडिओ, टीव्हीतल्या आनंदाचा. रोह्याजवळच्या कातकरी वाडीत तो विचारताना थबकावे लागते. मापनी स्थानिकांवर पडताळणे हे कंटाळवाणे काम आहे, तरी प्रबंधाच्या तोलाचे.

पुढची वर्षे पाठपुराव्याची. भातलावणीत किंवा पेणच्या गणपती कारखान्यांच्या हंगामात रुग्णाची फेरी चुकली, तर तक्त्यात चौकट रिकामी राहते. कदाचित सर्वांत त्रासलेला रुग्ण तोच असतो. त्याच्या घरी जावे लागते. मापनीवर गुण जास्त आले तर पाठवायचे कुठे, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात की टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर, हे निघण्याआधी ठरलेले हवे. या प्रवासाचा खर्च अनुदानाच्या पहिल्याच अर्जात मांडावा. मागाहून तो घुसवणे अवघड.